घाटातला दगडी पूल: होळकरांचा की इंग्रजांचा?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंदूरजवळच्या घाटात पाताळपाणीहून कालाकुंडला जाणाऱ्या हेरिटेज गाडीतून तुम्ही खोल दरीवरचा एक पूल पाहिलात. खाली काळ्या दगडाचे उंच खांब, वर लोखंड. तुमचे सासरे म्हणतात हा पूल इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी बांधला, आणि डब्यातल्या कुणीतरी ठामपणे सांगितलं की इंग्रजांनी बांधला. तुम्हाला मंडळाच्या स्मरणिकेत लेख द्यायचा आहे, त्यासाठी एक नाव आणि एक साल हवं आहे. शेवटी हेही विचारलंत की एवढा जुना पूल अजून टिकतो कसा, आणि मुलांना घेऊन पुन्हा त्यावरून जावं का.

माझी नोकरी रेल्वेच्या पुलांच्या तपासणीत गेली, त्यातली बरीच वर्षं मीटरगेजवर, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांच्या मार्गांवर. या घाटातले खांब मी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, वरून आणि खालून, हातोडा घेऊन पाहिलेले आहेत. म्हणून सविस्तर लिहितो. आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. अशा पुलाला एक साल नसतं. खांबांचं वय वेगळं, वरच्या गर्डरचं, म्हणजे लोखंडी तुळईचं वेगळं, आणि गर्डर ज्यावर टेकतो त्या मधल्या ठोकळ्याचं, बेडब्लॉकचं, आणखी वेगळं असू शकतं. आणि ‘कोणी बांधला’ या प्रश्नातही चार प्रश्न आहेत: पैसा कोणाचा, जमीन कोणाची, आराखडा आणि हुकूम कोणाचा, आणि दगड घडवणारे हात कोणाचे. तुमचे सासरे पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर देत आहेत, डब्यातले गृहस्थ तिसऱ्याचं. दोघांचंही खोटं नाही.

पैशापासून सुरू करू, कारण इंदूरकरांच्या मनात ‘होळकरांचा पूल’ रुजला तो तिथूनच. 1870 च्या सुमाराला जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मुंबईकडून जबलपूरला जाणारा रस्ता पूर्ण झाला आणि खंडवा त्यावरचं स्टेशन झालं. इंदूर मात्र विंध्याच्या वर, बाजूला राहिलं. माळव्याची अफू आणि कापूस मुंबईला जायचा तो घाट उतरून, बैलगाड्यांतून. महूला इंग्रजांची छावणी होती, त्यांनाही रेल्वे हवी होती. दुसऱ्या तुकोजीरावांनी, ज्यांनी इंदूरची पहिली कापडगिरणी काढली त्यांनीच, खंडव्यापासून इंदूरपर्यंतच्या रेल्वेसाठी हिंदुस्थान सरकारला 1 कोटी रुपये कर्ज देऊ केले. व्याज साडेचार टक्के, मुदत 101 वर्षं. म्हणजे वर्षाला साडेचार लाख रुपये व्याज, आणि फेडीची तारीख थेट 1970 च्या पुढे. त्या काळच्या संस्थानाच्या तिजोरीतून 1 कोटी एकरकमी शब्द देणं ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय संस्थानातून जाणाऱ्या मार्गाला जमीन फुकट दिली.

पण इथेच बहुतेक लेखांची गफलत होते. या मार्गाचं नाव होतं ‘होळकर स्टेट रेल्वे’. आपण वाचतो ‘होळकर संस्थानाची रेल्वे’. त्या काळच्या रेल्वेच्या भाषेत ‘स्टेट रेल्वे’ म्हणजे खासगी कंपनीऐवजी सरकारने स्वतः बांधलेली रेल्वे. आधीच्या मोठ्या लाइनी इंग्लंडमधल्या कंपन्यांनी बांधल्या आणि त्यांच्या नफ्याची हमी हिंदुस्थान सरकारने घेतली होती. ती हमी तिजोरीला फार महागात पडली, म्हणून 1870 च्या आसपास सरकारने स्वतः लाइनी बांधायला घेतल्या. तेव्हा होळकर हे नाव सावकाराचं, ‘स्टेट’ हे सरकारचं. इंजिनिअर सरकारी, आराखडे सरकारी. इतकंच काय, रेल्वेच्या पट्ट्यात कायदाही इंग्रज सरकारचा. रुळाच्या बाजूला उभा असलेला माणूस होळकरांची प्रजा, आणि रुळावर पाऊल ठेवलं की हद्द दुसऱ्याची.

फरक कळावा म्हणून बडोद्याकडे पाहा. गायकवाडांनी डभोई ते मियागाम अरुंद रुळांची लाइन टाकली. 1862 मध्ये ती चालली तेव्हा गाड्या बैल ओढत होते. ती लाइन खरोखर संस्थानाची होती. ग्वाल्हेरच्या शिंद्यांची दोन फुटी लाइट रेल्वेही दरबारच्या मालकीची. पण इंदूरहून नीमचकडे जाणाऱ्या मार्गाला शिंद्यांनी 75 लाख दिले, ते पुन्हा होळकरांसारखं कर्जच. तेव्हा ‘संस्थानाचा पूल’ हे शब्द बडोद्यात जसे शोभतात तसे आपल्या घाटात शोभत नाहीत. स्मरणिकेत ‘होळकरांच्या पैशाने, होळकरांच्या जमिनीवर, सरकारने बांधलेला’ असं लिहिलंत तर कुणावर अन्याय होणार नाही.

आता साल. खंडवा ते सनावद हा पहिला तुकडा 1 डिसेंबर 1874 ला सुरू झाला. त्या वेळी इंदूरचे दिवाण सर टी. माधवराव होते, पुढे बडोद्याला गेले तेच. मग नर्मदा आडवी आली. खेडीघाटाला, म्हणजे आजच्या मोरटक्क्याला, नर्मदेवर 14 गाळ्यांचा पूल झाला. गाळा म्हणजे दोन खांबांमधला भाग. प्रत्येक गाळा 197 फुटांचा, कमी पाण्याच्या पातळीपासून उंची 80 फूट. गुणाकार केलात तर नुसते गाळेच पावणेतीन हजार फुटांच्या वर जातात. तो 5 ऑक्टोबर 1876 ला मालगाड्यांना खुला झाला, आणि त्याला ‘होळकर नर्मदा पूल’ असं नाव मिळालं. घाट पार करून लाइन महूपर्यंत जोडली गेली ती 1878 मध्ये. तुमच्या पुलाचे खांब या शेवटच्या तुकड्यातले.

ही सालं अशी पायरीपायरीने का येतात, हे बांधकामातला माणूस लगेच ओळखतो. लोखंड विलायतेहून मुंबईला जहाजाने, तिथून रेल्वेने खंडव्याला. पुढे आधी टाकलेला रूळच पुढच्या रुळाचं सामान वाहतो. जिथे नदी आडवी येते तिथे लोखंड थांबतं, पण दगड थांबत नाही. दगड तिथलाच असतो. म्हणून घाटातलं खोदकाम, बोगदे, खांब ही कामं नदीची वाट न पाहता चालू ठेवता येतात, आणि गर्डर शेवटी येतात. रुळाच्या टोकाची तारीख पाहून खांब कधी चढले याचा अंदाज बांधताना मी नेहमी एक-दोन पावसाळे मागे जातो.

घाटाचं काम किती अवघड होतं ते आकड्यात सांगतो. चढ 1 ला 40, म्हणजे 40 फूट पुढे गेलात की 1 फूट वर. गाडीच्या चाकाला हा चढ फार तीव्र. 4 बोगदे, खोल कटिंग, मोठमोठ्या दगडी संरक्षक भिंती, आणि नर्मदेचा पूल सोडून आणखी 14 मोठे पूल. त्यातल्या सर्वांत उंच पुलाचे खांब दरीच्या तळापासून 152 फूट. सोळा मजली इमारतीएवढा दगडी खांब, आजच्यासारख्या क्रेनशिवाय, एका बाजूला जंगल आणि दुसऱ्या बाजूला चोरल नदी. रूळ मीटरगेजचे ठेवले ते स्वस्त पडावेत म्हणून. 1870 मध्येच व्हाइसरॉय लॉर्ड मेयोंच्या सरकारने 3 फूट 3⅜ इंच हे माप ठरवलं होतं. घाटात त्याचा फायदा असा की गाडीला जास्त बाकदार वळणं घेता येतात, डोंगर कमी कापावा लागतो.

तुम्ही हेही विचारलंत, की दगड का, आणि कमानी का नाहीत. याचं उत्तर पायाखाली आहे. माळव्याचा सगळा पठारभाग काळ्या कातळाचा. हा दगड घडवायला फार कठीण, छिन्नीची धार दिवसातून कितीदा लावावी लागते. पण एकदा घडवला की पाणी फारसं शोषत नाही. उलट आपल्या काळ्या मातीची वीट भट्टीत तडकते, रेल्वेच्या कामाला भरवशाची होत नाही. म्हणून खांबाला दगड. कमानीला मात्र बांधताना खालून लाकडी साचा लागतो. ओढ्यावर तो परवडतो, शंभर-दीडशे फूट दरीत तेवढं लाकूड उभारणं म्हणजे एक पूल बांधण्याआधी दुसरा बांधणं. म्हणून छोट्या नाल्यांवर कमान, आणि दरीवर खांब आणि त्यावर लोखंड.

चुन्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण पुलाचा जीव त्यात आहे आणि लेखांत त्याचा उल्लेख कधीच नसतो. त्या काळात इथल्या कामाला सिमेंट परवडणारं नव्हतं. काळ्या मातीत सापडणारी चुनखडी भाजायची, विटांची सुरखी, म्हणजे भुकटी, आणि वाळू घालायची, आणि बैलांनी फिरवायच्या घाण्यात ते मळायचं. हा चुना सावकाश घट्ट होतो, वर्षानुवर्षं होत राहतो, आणि थोडी हालचाल सोसतो. उन्हाळ्यात खांब तापून किंचित वाढतो, पावसात गार होऊन आखडतो, तेव्हा दगडाला इजा न होता दरजेतला, म्हणजे दगडांच्या सांध्यातला चुना ती ओढाताण पोटात घेतो. सिमेंट तसं करत नाही. एका दुसऱ्या पुलावर मी हे डोळ्यांनी पाहिलं. ठेकेदाराने जुन्या दरजा घट्ट सिमेंटने भरल्या आणि पाणी निघायची भोकंही बुजवली. दिसायला पूल नवा झाला. पुढच्या पावसाळ्यात खांबातलं पाणी बाहेर पडायला वाट न मिळाल्याने दर्शनी दगड पुढे आले. ते सगळं सिमेंट छिन्नीने काढून पुन्हा चुन्याचं काम करावं लागलं, आणि तेव्हा चुना मळणारा जाणकार माणूस शोधायलाच आम्हाला महिना लागला. मला त्याचं अजूनही वाईट वाटतं, कारण मूळ काम शंभरहून जास्त पावसाळे काहीही न मागता उभं होतं.

आता तुमच्या पुलाचं वय तुम्ही स्वतः कसं वाचाल. पुढच्या वेळी खिडकीतून फोटो काढताना गर्डर आणि दगड जिथे भेटतात तिथे लक्ष द्या. खांबाच्या माथ्यावर गर्डर टेकवायला मोठा दगड किंवा काँक्रीटचा ठोकळा असतो, त्याला आम्ही बेडब्लॉक म्हणतो. खालचा खांब काळा घडीव आणि माथ्यावर करडं काँक्रीट दिसलं, तर समजा गर्डर बदलला आहे, किंवा निदान टेकण नवं केलं आहे. पहिले गर्डर रॉट आयर्नचे, म्हणजे घडीव लोखंडाचे असत. पुढे पोलाद आलं, इंजिनं जड झाली, आणि वाफेच्या जागी डिझेल आलं, तेव्हा अनेक मार्गांवर जुने गर्डर काढून जास्त भार घेणारे बसवले गेले. खांबांना मात्र हात लावायची गरज बहुधा पडली नाही, कारण दगडाला वरून खाली येणारा दाब आवडतो.

गर्डरच्या बाजूला कारखान्याची ओतीव पाटी असेल तर त्यावर कारखान्याचं नाव, गाव आणि साल असतं. ते साल गर्डर तयार झाल्याचं, पूल झाल्याचं नव्हे. आणि गर्डरवर रंगाने लिहिलेली तारीख तर त्याहून वेगळी, ती शेवटचं रंगकाम कधी झालं ते सांगते. नोकरीच्या सुरुवातीला मीही अशा रंगवलेल्या तारखेवर विश्वास ठेवून माझ्या वहीत चुकीची नोंद केली होती. आमच्या वयस्कर मुकादमांनी मला खांबापाशी नेलं आणि म्हणाले, “साहेब, लोखंड बदलतं, रंग बदलतो. दगडाला विचारा.” त्यांनीच मला हातोड्याने ठोकून ऐकायला शिकवलं. दगड आतून भरीव आणि बसलेला असेल तर आवाज खणखणीत येतो, मागे पोकळी असेल तर बद्द. हे कान तयार व्हायला मला दोन-तीन पावसाळे लागले.

पण नक्की नोंद हवी असेल तर कागदच पाहावा लागेल. प्रत्येक रेल्वे पुलाला नंबर असतो, पुलाच्या तोंडाशी तो लिहिलेला असतो. फक्त ‘पाताळपाणीचा उंच पूल’ म्हणून विचारलंत तर कुणीच काही सांगू शकणार नाही, कारण घाटात असे अनेक आहेत. नंबर घेऊन रतलाम डिव्हिजनच्या इंजिनिअरिंग खात्याला लेखी विचारा. त्यांच्या ब्रिज रजिस्टरमध्ये गाळे, पाया, गर्डर, दुरुस्त्या यांची नोंद असते. कर्जाची आणि करारांची कागदपत्रं दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधावी लागतील. मालकीचा माग घेताना नावं बदलत जातील, गोंधळू नका. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला ही लाइन राजपुताना-माळवा रेल्वेत मिसळली, 1885 मध्ये तिचा कारभार बी.बी. अँड सी.आय. (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) कंपनीकडे गेला, आणि 1951 मध्ये पश्चिम रेल्वे झाली. आपल्या आईवडिलांच्या पिढीला ती आठवते ती मीनाक्षी एक्सप्रेसची लाइन म्हणून. जयपूरहून निघून इंदूर, महू, खंडवा, अकोला करत दक्षिणेकडे जाणारी. वऱ्हाडात माहेर असलेल्या कितीतरी इंदूरकर बायकांचं माहेरपण या पुलावरूनच गेलंय. तुमच्या स्मरणिकेत अशा दोन-चार आठवणी अवश्य घ्या. रजिस्टरमध्ये त्या मिळणार नाहीत.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर: कर्ज आणि जमीन होळकरांची, बांधकाम हिंदुस्थान सरकारचं, खांब 1878 च्या आधीच्या थोड्या वर्षांतले, आणि गर्डरचं वय पुलाचा नंबर कळल्याशिवाय कुणी सांगू नये.

राहिला सुरक्षिततेचा प्रश्न. जुनं म्हणजे धोक्याचं, हा हिशेब दगडी पुलाला लागू होत नाही. त्याचे शत्रू तीन. पहिलं पाणी, म्हणजे पुरात पायाजवळची माती वाहून जाणं आणि खांबाच्या पोटात साचणारं पाणी. दुसरं झाड. दरजेत पडलेलं पिंपळाचं एक बी, लक्ष दिलं नाही तर, दगड सरकवतं. वरून फांदी तोडून उपयोग नाही, मूळ काढून दरज पुन्हा भरावी लागते. तिसरी बेपर्वाई. घाटात पुराची उच्च पातळी खांबावर रंगाने आखलेली असते, पावसाळ्यानंतर तिच्याशी ताडून पाहायचं. भेग दिसली तर तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून ठेवतात. पट्टी शाबूत राहिली तर भेग जुनी आणि झोपलेली, तडकली तर खांब हलतो आहे. मग आधी गाडीचा वेग कमी करायचा, बाकीची चर्चा नंतर. शिवाय आता त्या मार्गावर पूर्वीसारखा भार नाही. 25 डिसेंबर 2018 पासून पाताळपाणी ते कालाकुंड हेरिटेज गाडी सुरू झाली, ती सावकाश जाते आणि हलकी आहे. महूच्या पुढची नेहमीची मीटरगेज गाडी 2023 मध्ये बंद झाली. ब्रॉडगेजला, म्हणजे रुंद रुळांच्या लाइनीला, 1 ला 40 चा तीव्र चढ नको होता, म्हणून तिच्यासाठी लांबून, कमी चढाचा वेगळा मार्ग काढला आहे. त्यामुळेच हा जुना घाट वाचला. तेव्हा मुलांना घेऊन निर्धास्त जा. फक्त गाडीतून उतरून पुलावर चालत फोटो काढायला जाऊ नका, कुणी ‘काही होत नाही’ म्हटलं तरी. रुळाशेजारची पायवाट कर्मचाऱ्यांसाठी आहे, आणि वळणामागून येणारी गाडी दरीत ऐकू येत नाही.

एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. पाताळपाणीला गाडी थांबते ती टंट्या मामांना सलामी द्यायला, असं तिथले लोक मानतात. निमाडच्या या भिल्ल वीराला 4 डिसेंबर 1889 ला जबलपूरला फाशी दिली गेली, आणि त्यांचं देऊळ लाइनीशेजारीच आहे. रेल्वेच्या नियमाप्रमाणे घाट उतरण्याआधी ब्रेक तपासायलाही थांबावं लागतं. मी ब्रेकच्या नियमाने थांबलेलो आहे, आणि त्या देवळाला हात जोडूनच पुढे गेलेलो आहे. आमचे सगळे ड्रायव्हर आणि रूळ सांभाळणारे गँगमन तेच करत.

आणि चौथा प्रश्न, हातांचा. खांबाच्या खालच्या थरांतले दगड जवळून पाहायला मिळाले तर कडा बघा. चारी बाजूंनी बोटभर रुंदीची सपाट पट्टी छिन्नीने काढलेली असते आणि मधला भाग मुद्दाम ओबडधोबड ठेवलेला असतो. ती पट्टी सरळ असल्याशिवाय दुसरा दगड नीट बसत नाही. दीडशे फूट उंचीच्या खांबात असे हजारो दगड आहेत, आणि प्रत्येकाच्या चारी कडा कुणीतरी उन्हात बसून हाताने काढल्या आहेत. स्मरणिकेत फोटो छापायचा असेल तर दूरच्या पुलाच्या फोटोबरोबर अशा एका दगडाचा जवळचा फोटोही छापा. नोव्हेंबरमध्ये जा. दरी हिरवी असते, पाणी उतरलेलं असतं, आणि सकाळचं तिरपं ऊन खांबावर पडलं की छिन्नीचा घाव न् घाव दिसतो. बेडब्लॉकचा फोटो आणि पुलाचा नंबर मला पाठवा, गर्डरबद्दल जे सांगता येईल ते मी सांगेन.